ताकद कमी केली, तेव्हा गाडी टिकली: साक्रीच्या रस्त्यावरून दमदार बाईकचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथं लिहून देतोय. आजच्या भागात आकडे बरेच आहेत. ऐकताना ते पटकन निघून जातात, इथं निवांत बघता येतील.

विषय आहे मोटरसायकल. नव्या मॉडेलचा रिव्ह्यू मात्र नाही, तो यूट्यूबवर ढीगभर मिळेल. आपण बघणार आहोत इतिहास.

साक्रीत कुठल्याही चहाच्या टपरीसमोर नवी बाईक उभी राहिली की दोन प्रश्न येतात. वयानं मोठा माणूस विचारतो, "कितलं अ‍ॅव्हरेज देस रे भो?" आणि पोरं विचारतात, "टॉप किती जाते?" दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही: ही ताकद इंजिनात आली कुठून, आणि तिचं बिल पुढची पाच-सात वर्षं कोण भरणार?

हा प्रश्न घेऊन मागं गेलं की एक गंमत दिसते. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या देशात तीनदा असं झालं, की जोरदार गाडी बाजारात आली आणि थोड्या काळानं कंपनीनंच एक पाऊल मागं घेतलं. एकदा १९८० च्या दशकात, एकदा २००९ मध्ये, एकदा २०१६ मध्ये. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आपल्या महाराष्ट्रातल्या, पुण्याजवळच्या चाकणच्या. ही मागं घेतलेली पावलं समजली, तर जुनी गाडी घेताना तुमचे पैसे वाचतील. कदाचित त्याहून मोठं काही वाचेल.

ताकद येते कुठून?

आधी थोडं इंजिन समजून घेऊ. ताकद वाढवायच्या मुख्य तीन वाटा आहेत. पहिली, इंजिन मोठं करा, म्हणजे सीसी वाढवा. दुसरी, तेवढ्याच इंजिनाला जास्त वेगानं फिरवा, म्हणजे आरपीएम वाढवा. तिसरी, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटण्याआधी जास्त दाबा, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवा. बाकी जे काही असतं, चार व्हॉल्व्ह, दोन कॅम, फ्युएल इंजेक्शन, ते बहुतेक या तीन वाटा सोप्या करण्यासाठी असतं.

आता एक छोटा हिशोब. ताकदीला इंजिनाच्या आकारानं भागलं, की एका लिटरमागे किती ताकद काढली ते कळतं. जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटची ताकद १८ हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरमागे साधारण ५२. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन ८ पीएस देतं, म्हणजे लिटरमागे ८२. रॉयल एनफिल्डची ६५० इंटरसेप्टर ६४८ सीसीतून ४७ देते, म्हणजे लिटरमागे फक्त ७२-७३. आणि केटीएमची पहिली ३९० ड्यूक ३७३ सीसीतून ४३ पीएस, म्हणजे लिटरमागे ११५!

ऐकून चकित व्हाल, पण आकारमानाच्या हिशोबात ६५० चं इंजिन स्प्लेंडरपेक्षाही कमी ताण घेतं. आणि ड्यूक त्या दोघींपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे "पॉवरफुल बाईक" या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गाड्या येतात. एक मोठी आणि निवांत, दुसरी लहान आणि सतत कमरेला पदर खोचून उभी.

बुलेट: कमी ताकद, हातातली दुरुस्ती

गोष्टीची सुरुवात बुलेटपासून करावी लागते, कारण कितीतरी वर्षं आपल्याकडे "मोठी गाडी" म्हणजे बुलेटच. इंग्लंडमधल्या रेडिच गावची ही गाडी १९५५ पासून मद्रासमध्ये बनायला लागली. पोलिसांकडे बुलेट, लष्कराकडे बुलेट आणि गावात एखाद्या बागायतदाराकडे बुलेट.

हे इंजिन बिडाचं, जड आणि संथ. पूर्ण ताकद ५६०० फेऱ्यांच्या आसपास यायची. पार्ट्समध्ये फटी राहायच्या, ऑइल गळायचं, पॉइंट घासायचे. दर थोड्या दिवसांनी काहीतरी निघायचंच. पण ते "काहीतरी" दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज घेऊन रस्त्याच्या कडेला बसून होत होतं. पिस्टन-सिलिंडर घासले तर सिलिंडर बोअर करायचा, एक साइज मोठा पिस्टन टाकायचा, गाडी परत रस्त्यावर. बिडाचा सिलिंडर असं दोन-तीनदा सहन करतो.

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी याला फार किंमत होती. सुरत-नागपूर हायवे गावातूनच जातो. पूर्वेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर धुळं, पश्चिमेला दहिवेलच्या पुढं कोंडाईबारीचा घाट, मग विसरवाडी, नवापूर आणि गुजरात. ट्रकवाल्यांमुळं हायवेला गॅरेजची, वेल्डरची, टायर पंक्चरवाल्यांची परंपरा जुनी. गाडी साधी असेल तर तिथला मिस्त्री ती चालू करणारच. म्हणजे बुलेटची देखभाल जास्त होती, पण स्वस्त होती आणि गावातच होती. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पहिलं पाऊल मागं: राजदूत ३५०

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीनं यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे "राजदूत ३५०" नावानं आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ताकद ३०.५ हॉर्सपॉवर. बुलेटच्या १८ च्या काळात ३०! त्या वेळच्या पोरांना काय वाटलं असेल, विचार करा.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. म्हणून तेवढ्याच आकारात टू-स्ट्रोक जास्त ताकद देतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत. पण त्याबदल्यात पेट्रोल जास्त लागतं, इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जळत राहतं, आणि ऑइलचा पंप नीट चालला नाही तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, ज्याला मिस्त्री "गाडी जाम झाली" म्हणतात. दोन सिलिंडर म्हणजे दोन कार्बोरेटर. दोन्ही एकसारखे जुळवलेले नसतील तर गाडी धडधडणार.

मग पाऊल मागं आलं. कंपनीनं या गाडीचा दुसरा अवतार काढला, त्याची ताकद ३०.५ वरून २७ वर आणली. पहिल्याला आज जुने शौकीन "हाय टॉर्क" म्हणतात, दुसऱ्याला "लो टॉर्क". हेतू सरळ होता, थोडं अ‍ॅव्हरेज वाढावं. तरी गाडी फार चालली नाही. १९९० च्या आसपास ती बंदच झाली.

इथं एक गोष्ट नीट बघा. १९७० च्या दशकात परदेशात विकल्या गेलेल्या आरडी ३५० ला पुढं डिस्क ब्रेक होता. आपल्याकडच्या गाडीला पुढं-मागं दोन्हीकडं ड्रम ब्रेक दिला. म्हणजे खर्च वाचवायला ब्रेकच कापला! वेग विकत मिळाला, थांबणं मिळालं नाही. गाडीचं डिझाइन म्हणजे कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाही याची यादी असते, आणि त्या यादीत ब्रेक कुठं आहे हे गिऱ्हाइकाला शोरूममध्ये दिसत नाही.

त्याच काळात, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, १०० सीसी, कमी पेट्रोल, कमी कटकट. देशानं आपला कौल त्या बाजूनं दिला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि खान्देशातल्या प्रत्येक गल्लीत शिरली. चेन पूर्ण झाकलेली, टॅपेट पंधरा मिनिटांत सेट होणारे, तासाभरात सगळी सर्व्हिसिंग. स्प्लेंडरला कोणी दमदार म्हणणार नाही. पण पुढं जी कुठली दमदार गाडी आली, तिला नकळत स्प्लेंडरशी तुलना सोसावी लागली. गिऱ्हाइकाच्या डोक्यात "गाडीला एवढाच खर्च येतो" हा आकडा स्प्लेंडरनं बसवला होता.

दुसरं पाऊल मागं: चाकणची पल्सर २२०

२००१ च्या शेवटाला बजाजनं पल्सर आणली, १५० आणि १८० सीसीची. स्कूटरवाली कंपनी म्हणून ओळखलेल्या बजाजचं हे मोठं वळण होतं. चाकणचा कारखाना पल्सरचा कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला. २००३ मध्ये एका सिलिंडरला दोन प्लग असलेलं डीटीएस-आय इंजिन आलं. पेट्रोल दोन बाजूंनी पेटतं, लवकर आणि पूर्ण जळतं, त्यामुळं अ‍ॅव्हरेज फार न पाडता ताकद वाढवता आली. युक्ती साधी, आणि देखभालीला वाढ एवढीच, की एका प्लगच्या जागी दोन.

मग २००७ मध्ये पल्सर २२० आली. ऑइल कूलर, मागं डिस्क ब्रेक आणि मुख्य म्हणजे फ्युएल इंजेक्शन. कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी सेन्सर, पेट्रोलच्या टाकीत पंप आणि एक छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. ताकद साधारण २० पीएस.

आणि २००९ मध्ये कंपनीनं तीच गाडी परत कार्बोरेटर लावून बाजारात आणली! ताकद उलट किंचित वाढून २१ झाली, किंमत खाली आली, आणि जाहिरात झाली भारतातली सगळ्यात वेगवान गाडी म्हणून. ती गाडी तुफान चालली. खान्देशातल्या कॉलेजांबाहेर उभ्या असलेल्या काळ्या २२० तुम्हाला आठवत असतील. नसतील, तर मोठ्या भावाला विचारा.

मागं का जावं लागलं? मला दिसणारं उत्तर असं. कागदावर इंजेक्शन चांगलंच. थंडीत, उन्हात, डोंगरावर पेट्रोलचं माप आपोआप बरोबर ठेवतं. पण २००७ मध्ये ते महाग होतं, आणि तालुक्याच्या गावातलं गॅरेज त्याला तयार नव्हतं. कार्बोरेटरमध्ये कचरा आला तर मिस्त्री जेट काढतो, फुंकर मारतो, लावतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर गेला, तर फुंकर मारून काय होणार? त्याला कोड वाचणारं यंत्र लागतं. त्या वेळी असं यंत्र कंपनीच्या मोठ्या शोरूमच्या पलीकडं सहसा मिळायचं नाही.

पुढं सरकारी नियमानं हा प्रश्नच संपवला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. धुराचं ते माप कार्बोरेटरनं गाठणं अवघड, म्हणून बघता बघता बहुतेक नव्या बाईकमध्ये इंजेक्शन आलं. अगदी स्प्लेंडरमध्येही. आज गावातल्या मिस्त्रीकडं मोबाईलला जोडून कोड वाचायचं छोटं यंत्र दिसू लागलंय, त्याची मुळं या नियमात आहेत.

तिसरं पाऊल मागं: एक इंजिन, दोन स्वभाव

आता आजच्या भागाचा गाभा. २००७ मध्ये बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली. २०१२ मध्ये चाकणला बनलेली २०० ड्यूक आली, आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक. ३७३ सीसी, ४३ पीएस, कोरडं वजन १३९ किलो, किंमत १ लाख ८० हजार. जगातली कुठलीही बाईक एवढ्या पैशांत एवढी ताकद देत नाही, असं तेव्हा लोक म्हणायचे.

तीन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याच चाकणमधून डोमिनार ४०० आली. इंजिन त्याच घरातलं, आकार तोच, ३७३ सीसी. ताकद मात्र ३५ पीएस. आठ पीएस कमी! वजन १८२ किलो. किंमत १ लाख ३६ हजारांपासून.

पोरांनी नाकं मुरडली. "कंपनीनं इंजिन मारून टाकलं." पण आकडे जरा जवळून बघा. दोन्ही गाड्यांचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ, जवळजवळ सारखाच होता, ३५ न्यूटन-मीटर. फरक एवढाच, की ड्यूक आपली पूर्ण ताकद साडेनऊ हजार फेऱ्यांना देत होती आणि डोमिनार आठ हजारांना.

साडेनऊ हजार फेरे म्हणजे पिस्टन एका सेकंदात तीनशेहून जास्त वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. प्रत्येक वेळी थांबताना पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगला झटका बसतो. आणि हा झटका फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. आठ हजारांवरून साडेनऊ हजारांवर गेलात, तर फेरे वाढतात साधारण १९ टक्के, पण झटका वाढतो ४१ टक्के. म्हणजे शेवटचे आठ पीएस फार महाग पडतात.

म्हणून ड्यूकच्या इंजिनात तशीच तयारी आहे. घडवलेला, म्हणजे फोर्ज्ड पिस्टन. डोक्यावर दोन कॅम. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण पातळ थर. तो थर सहजी घासत नाही. पण एकदा खराब झाला, तर बुलेटसारखं बोअर करून भागत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो किंवा थर नव्यानं चढवून घ्यावा लागतो. टॅपेटचंही तसंच. स्प्लेंडरमध्ये स्क्रू फिरवून फट जुळवतात. ड्यूकसारख्या दोन कॅमच्या इंजिनात फट मोजायची, ती चुकली असेल तर कॅम काढायचा आणि योग्य जाडीची छोटी चकती, म्हणजे शिम, बदलायची. गाडी तेवढ्या वारंवार मागत नाही, पण मागते तेव्हा अर्धा दिवस, योग्य हत्यारं आणि शिकलेला हात मागते.

बुलेटशी तुलना करा. तिथं कटकट वारंवार, पण छोटी आणि गावात. इथं कटकट क्वचित, पण मोठी आणि शहरात. आधुनिक दमदार गाडीनं देखभाल कमी केली असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. तिनं देखभालीची जागा बदलली.

डोमिनारची गोष्ट इथंच संपत नाही. २०१९ मध्ये कंपनीनं तिला दोन कॅमचं इंजिन दिलं, ताकद ४० वर नेली. म्हणजे मागं घेतलेलं पाऊल कायमचं नसतं. बाजार, तंत्र आणि गॅरेज तयार झालं की ते परत पुढं पडतं.

मोठं इंजिन, थंड डोकं

दुसरी वाट रॉयल एनफिल्डनं दाखवली. २०१८ मध्ये त्यांनी ६५० च्या दोन गाड्या आणल्या. दोन सिलिंडर, हवा आणि ऑइलनं थंड होणारं इंजिन, ४७ हॉर्सपॉवर. आणि आत काय? प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, पण कॅम एकच, आणि टॅपेट जुन्या पद्धतीचे, स्क्रू आणि नट वाले. फिलर गेज वापरता येणारा मिस्त्री ते करू शकतो. रेडिएटर नाही, कूलंट नाही. बदल्यात काय द्यावं लागतं? वजन दोनशे किलोच्या वर, ऑइल एका वेळी तीन लिटरच्या आसपास, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाच्या मानानं ताकद बेताची.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जावा परत आली. धुळ्याहून आग्रा रोडनं वर गेलं की इंदूरजवळ पिथमपूर लागतं, तिथं ती बनते. दिसायला अगदी जुनी, इंजिनावर हवेनं थंड होणाऱ्या गाडीसारखे पंखे. पण आतून लिक्विड कूल्ड, आणि रेडिएटर पुढच्या फ्रेमच्या नळ्यांमध्ये असा बसवलेला की पटकन दिसू नये. डोळ्यांना जुनं हवं, ताकद नवी हवी. डिझाइनवाल्याला असले हट्टही पुरवावे लागतात.

साक्रीचा हिशोब

आता हे सगळं आपल्या रस्त्यावर आणू. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४४ ला टेकतो. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, त्यात डायव्हर्जन आणि धुळीचे लोट सगळ्यांनी खाल्लेत. जास्त ताकदीच्या गाडीत इथं नेमकं काय आधी मरतं?

रेडिएटर. त्याच्या बारीक जाळीत धूळ, चिखल आणि किडे बसतात. मग सर्व्हिसिंगला कोणी प्रेशरचं पाणी जवळून मारतं आणि जाळीच्या पात्या वाकतात. हवा जाईना, पंखा सारखा चालू, गाडी तापली. दुसरं, कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायची सवय. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते घरच्या नळाच्या तोटीवर बघा. तोच थर इंजिनाच्या आत बसतो. कूलंट हे रंगीत पाणी नाही, त्यात गंज आणि क्षार रोखणारी औषधं असतात.

ऑइल. बाईकमध्ये बहुतेक वेळा तेच ऑइल इंजिनाला, गिअरला आणि क्लच प्लेटला लागतं. ड्यूकसारख्या गाडीत ते जेमतेम दीड लिटर. ४३ घोडे दीड लिटर तेलावर! ते वेळेवर बदललं नाही तर आधी गिअर अडकतात, मग बाकीचं. आणि कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून टाकलं, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळं क्लच घसरायला लागू शकतो.

चेन. स्प्लेंडरची चेन डब्यात बंद. स्पोर्ट्स बाईकची उघडी, कारण ती हलकी आणि देखणी दिसते. ते डिझाइन करताना कोणाच्या डोळ्यांसमोर मक्याच्या शेतातला रस्ता नव्हता. चांगल्या चेनच्या प्रत्येक कडीत रबराच्या बारीक रिंगा असतात, आतलं ग्रीस धरून ठेवणाऱ्या. पेट्रोल आणि तारेच्या ब्रशनं घासली की रिंगा गेल्या.

टायर. रस्त्याला घट्ट धरणारं रबर मऊ असतं, आणि मऊ रबर लवकर झिजतं. पकड आणि आयुष्य दोन्ही पूर्ण मिळत नाही. स्प्लेंडरचा टायर कितीतरी जास्त चालतो हे खरं, पण त्याला तेवढी पकड लागतच नाही.

इथंच खरा प्रश्न आहे. कांद्याचा भाव पडला की घरात पहिली काट कशाला लागते? हप्ता थकवता येत नाही, बँक दारात येते. पेट्रोल लागतंच. मग काट लागते सर्व्हिसिंगला. टायर अजून दोन महिने ओढू, ब्रेक पॅड नंतर बघू. स्प्लेंडरवर हे बऱ्याच वेळा खपून जातं. चाळीस पीएसच्या गाडीवर, कोंडाईबारीच्या उतारावर, समोरून ट्रक येताना खपत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते बरंच झालं. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. गुळगुळीत टायरला पकड आणून द्यायचं काम त्याचं नाही.

जुनी गाडी घेताना

सेकंड हँड बाजारात दमदार गाडी निम्म्या किमतीत दिसते आणि मन पाघळतं. मीटर, पेंट, सायलेन्सर नंतर बघा. आधी हे विचारा. ऑइल कधी बदललं, बिल आहे का? कूलंट कुठलं? थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून बघा, आत गंजाचा रंग आहे का. चेन आणि स्पॉकेट दोन्ही एकत्र बदललेत का? टॅपेटची फट कधी कोणी मोजली? डिस्कला हाताला लागेल असा काठ पडलाय का? आणि शेवटी, या गाडीचं काम करणारा माणूस सगळ्यात जवळ कुठं आहे, साक्रीत, धुळ्याला की नाशिकला? त्या फेरीचा खर्च आणि बुडालेला दिवस किमतीत धरा.

एक साधी पद्धत सांगतो. गाडीचा हप्ता ठरवताना वर्षाच्या एका टायर जोडीचा, एका चेन-स्पॉकेटचा आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगचा अंदाज शोरूममधून घ्या, बारानं भागा आणि हप्त्यात मिळवा. येणारी रक्कम झेपत असेल तर गाडी तुमची. नसेल झेपत, तर एक पाऊल मागं घ्या.

त्यात कमीपणा काही नाही. राजदूतवाल्यांनी घेतलं, चाकणच्या इंजिनिअरांनी दोनदा घेतलं. चाकणची त्या दोन्ही वेळची गाडी आजही रस्त्यावर दिसते. २२० तर २०२२ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये परत आली, कारण लोक मागतच राहिले.

तुमच्या गावात एखादा जुना मिस्त्री असेल, ज्यानं राजदूत ३५० किंवा पहिली पल्सर उघडलीय, तर त्याच्याशी बोला आणि त्याचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुस्तकात नसलेला इतिहास त्याच्या बोटांत आहे. पुढच्या भागात भेटू. तोवर हेल्मेट घाला, चेनला तेल द्या.